बंदीनंतरचा सट्टा आणि गोठलेले बँक खाते

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा असून हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करतो. वडील नाहीत. आई निवृत्त शिक्षिका आहे. आम्ही सगळे धायरीत राहतो. भाऊ काही वर्षांपासून मोबाइलवर क्रिकेटचे संघ लावून पैसे खेळत असे. ऑगस्ट 2025 मध्ये ती अ‍ॅप बंद झाली, तेव्हा आम्हाला हायसे वाटले. पण पुढे त्याने टेलिग्रामवरून एका परदेशी साइटचा ‘आयडी’ घेतला आणि तो सामन्यांवर सट्टा लावू लागला. दोन मित्रांनाही त्याने आयडी मिळवून दिले आणि त्याचे थोडे कमिशन घेतले. मध्यंतरी जिंकलेले अठरा हजार रुपये त्याच्या खात्यात आले आणि काही दिवसांतच खाते गोठवले गेले. पगारही त्यातच अडकला आहे. दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांची सूचना आहे, एवढेच बँक सांगते. क्रेडिट कार्ड, कर्ज देणारी दोन अ‍ॅप, ओळखीच्या एका माणसाकडून दरमहा दहा टक्के व्याजाने घेतलेली रक्कम आणि बुकीची उधारी असे देणे आहे. ‘सरकारने चांगली अ‍ॅप बंद केली नसती तर मी यात पडलोच नसतो,’ असे तो म्हणतो. पोलीस पकडतील या भीतीने तो बँकेतही जात नाही. परवा म्हणाला, ‘मी नसतो तर तुमची सुटका झाली असती.’ त्याला शिक्षा होईल का? आईची मुदत ठेव मोडून सगळे फेडावे का? त्याचा साखरपुडा झाला आहे. मुलीकडच्यांना सांगावे का?

— एक बहीण, धायरी

उत्तर : ताई, पैशांचे आणि पोलिसांचे प्रश्न थोडे बाजूला ठेवा. भावाचे ते परवाचे वाक्य सर्वांत आधी. त्याला आजच, आई समोर नसताना, सरळ शब्दांत विचारा की जीव देण्याचा विचार मनात येतो का. असे विचारले तर नसलेला विचार मनात येईल, अशी भीती अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. उलट कोणीतरी हे बोलायला तयार आहे, या जाणिवेने माणसाला आधार वाटतो. तो ‘हो’ म्हणाला किंवा त्याने उत्तर टाळले, तर त्याला एकटे ठेवू नका आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागातही त्याला नेता येईल. कर्ज आणि कायदेशीर अडचणी यांतून वाट निघते, पण त्यासाठी पुढचे काही महिने तो सांभाळला गेला पाहिजे.

आता शिक्षेबद्दल. ज्या कायद्याने ही अ‍ॅप बंद झाली, त्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड, तर अशा व्यवहारांसाठी पैशांची ने-आण करून देणाऱ्यालाही 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, अशा शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. जो केवळ खेळला, त्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. विधेयक मांडताना सरकारने त्याला पीडित मानण्याची भूमिका घेतली होती. तुमच्या भावाला हे नीट समजावून सांगा, कारण ज्या भीतीमुळे तो बँकेची पायरी चढत नाही, ती भीती त्याच्या खेळण्यापुरती तरी अनाठायी आहे. महाराष्ट्रात 1887 चा जुगारबंदी कायदाही लागू आहे आणि त्यात जुगाराच्या अड्ड्यावर सापडणाऱ्यालाही शिक्षा आहे. त्यामुळे सट्टेबाजाला कोणताच कायदा हात लावणार नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःचे पैसे घालवलेल्या तरुणावर या कारवाईचा रोख नाही.

मला चिंता वाटते ती त्याने मित्रांना काढून दिलेल्या दोन आयडींची. कमिशन घेऊन आयडी देणारा माणूस निव्वळ खेळणारा राहत नाही. साखळीतील सर्वांत खालची कडी का होईना, तो धंद्याचा भाग ठरू शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांत बेकायदा सट्टा आणि जुगाराचाही समावेश आहे आणि त्याची शिक्षा 1 ते 7 वर्षांची आहे. दोन मित्रांना आयडी देणाऱ्याला हे कलम लागेलच असे नाही, पण पोलिसांपुढे कोणताही जबाब देण्यापूर्वी त्याने फौजदारी वकिलाला हा भाग संपूर्ण सांगितला पाहिजे. हा भाग वकिलापासून लपवला, तर वकिलाचा सल्ला चुकीच्या माहितीवर उभा राहील. कमिशन आजपासून बंद झाले पाहिजे आणि त्या दोन मित्रांना खाते गोठल्याची गोष्ट त्याने स्वतः सांगितली पाहिजे, म्हणजे ते तरी वेळेवर बाहेर पडतील. आणखी एक गोष्ट त्याला निक्षून विचारा. आपले पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिम त्याने कोणाला वापरायला दिले होते का? तसे असेल तर मामला फार गंभीर आहे आणि वकिलाकडे जायला एक दिवसाचाही उशीर करू नये. टेलिग्रामवरचे संदेश मात्र पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे. शिवाय अठरा हजार रुपये कुठून आणि कशाबद्दल आले, हे दाखवायला त्याच्याजवळ दुसरे काहीही नाही.

खाते का गोठले, हे त्याला कळले पाहिजे, कारण या कारवाईचा फटका सामान्य सट्टेबाजाला बसतो तो बहुधा असाच. देशी कंपन्या व्यवसाय करत होत्या, तेव्हा जिंकलेली रक्कम कंपनीच्या खात्यातून, कर कापून येत असे. परदेशी साइटला भारतात असे उघड खाते ठेवता येत नाही. म्हणून ती कमिशनवर मिळवलेल्या भाडोत्री खात्यांतून व्यवहार करते. एखाद्या गरजू विद्यार्थ्याचे, रिक्षाचालकाचे किंवा कागदावरच असलेल्या एखाद्या दुकानाचे खाते दहा-पंधरा दिवस वापरायचे आणि सोडून द्यायचे. त्याच खात्यांतून इतर सायबर फसवणुकीचा पैसाही फिरतो. समजा, कोणा वृद्धाला ‘डिजिटल अटके’ची भीती घालून लुबाडले आणि त्याने 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर तो पैसा खात्याखात्यांतून कसा सरकत गेला याचा माग काढला जातो आणि वाटेतील प्रत्येक खात्याच्या बँकेला रक्कम रोखण्याची सूचना जाते. तुमच्या भावाला ‘जिंकले’ म्हणून मिळालेले अठरा हजार अशा एखाद्या खात्यातून आलेले असणे अगदी शक्य आहे. म्हणजे ज्याला तो आपल्या क्रिकेटच्या जाणकारीची कमाई समजला, तो कोणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीचा तुकडा असू शकतो. ही गोष्ट त्याला रागाने नव्हे, शांतपणे सांगा. मी बँकेत नोकरी केली आहे आणि खाते गोठल्यावर माणूस किती हतबल होतो, हे काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. त्याच वेळी बाहेर रांगेत पैसे गेलेला माणूसही उभा असे.

खाते सोडवण्यासाठी लपून बसणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. भावाला घेऊन तुम्ही स्वतः शाखेत जा आणि लेखी अर्ज द्या. त्यात चार गोष्टी मागा : सूचना कोणत्या पोलीस ठाण्याकडून आली, तक्रारीचा क्रमांक काय, वादातील रक्कम नेमकी किती, आणि संपूर्ण खाते गोठवले आहे की तेवढीच रक्कम. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. वाद अठरा हजारांचा असेल, तर तेवढी रक्कम अडकवून ठेवावी आणि पगाराची उरलेली रक्कम मोकळी करावी, अशी विनंती बँकेला आणि त्या तपास अधिकाऱ्याला लेखी करता येते. ती अनेकदा मान्यही होते. अधिकाऱ्याला खात्याचा उतारा, पगाराच्या पावत्या आणि व्यवहाराची खरी हकिकत वकिलामार्फत पाठवा. ‘मित्राने उसने घेतलेले पैसे परत केले’ अशी थाप मारण्याचा मोह होईल, तो कटाक्षाने टाळा. ज्या खात्यातून पैसे आले त्याची कुंडली पोलिसांसमोर असते, आणि आज पीडित असलेला माणूस अशा एका खोट्यामुळे संशयित होतो. एवढ्याने काम झाले नाही, तर जप्त मालमत्ता परत मिळवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तक्रार दुसऱ्या राज्यातील असली, तर तो कोणत्या न्यायालयात करायचा हे वकील सांगतील. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यामुळे सावकाराच्या धमक्यांविरुद्ध तुमची किंवा आईची तक्रार असेल, तर ती तुमच्या नावाने तिथे मांडता येईल. आणि ‘इतके पैसे भरा, आठवड्यात खाते उघडून देतो’ असे सांगणारे लोक टेलिग्रामवर भेटतील. ते त्याच टोळ्यांचे भाईबंद असतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

पुढील पगारासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडून कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला त्याचा तपशील द्यावा. कारण विचारले, तर खाते एका वादग्रस्त व्यवहारामुळे रोखले आहे, एवढे खरे सांगणे पुरेसे आहे.

‘चांगली अ‍ॅप बंद केली नसती तर’ या त्याच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि तो अंश मान्य करून बोललात तरच तो पुढचे ऐकेल. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फँटसी क्रीडा, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ लावून खेळायचा खेळ, हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा जुगार नव्हे, असे म्हटले होते. अशा एका कंपनीचे नाव तर भारतीय संघाच्या जर्सीवर झळकत होते. त्यामुळे आपण काही गैर करत आहोत असे या पोरांना वाटले नाही, यात नवल नाही. 2025 च्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच मोडीत काढला आणि पैसे लावण्याचे सगळे ऑनलाइन खेळ एका पंक्तीत बसवले. जे गंमत म्हणून पन्नास रुपये लावत होते, ते त्या दिवशी थांबले आणि बहुतेक पुन्हा वळले नाहीत. ज्यांना चटक लागली होती, त्यांची चटक मात्र कायद्याने गेली नाही. ते अशा ठिकाणी गेले जिथे पॅन कार्ड विचारत नाहीत, वय पाहत नाहीत, पैसे बुडाले तर दाद मागायला पत्ता नाही आणि एक दुवा बंद केला की तासाभरात दुसरा दुवा मोबाइलवर येतो. बंदीचा सर्वाधिक भार असा सर्वांत दुबळ्या खेळाडूवर पडला. बंदीबरोबर उपचारांचीही तेवढीच ठोस सोय उभी राहायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही बंदीमुळेच तो तिकडे वळला, हे मला पटत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हाच ‘आमच्याकडे कर नाही, वर बोनस’ असे सांगत परदेशी साइटी गिऱ्हाईक ओढत होत्या. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने महादेव बुकसह 22 बेकायदा अ‍ॅप आणि साइटी रोखल्या. मे 2024 मध्ये महादेवशी संबंधित प्रकरणात पुणे ग्रामीण पोलिसांनी आपल्या जिल्ह्यातील नारायणगावात एका इमारतीवर छापा घालून तिथे काम करणाऱ्या अनेकांना ताब्यात घेतले. हे सारे बंदीच्या आधीचे आहे. शिवाय विधेयकाच्या वेळी सरकारने मांडलेला अंदाज असा होता की पैशांच्या ऑनलाइन खेळांत सुमारे 45 कोटी लोक वर्षाला 20,000 कोटी रुपयांहून अधिक गमावतात. तुमचा भाऊ ज्यांना ‘चांगली अ‍ॅप’ म्हणतो, तीही त्या खेळांतच मोडत होती. त्यावर तो किती हरला, याचा हिशेब त्याच्या जुन्या बँक उताऱ्यांत आहे. तो हिशेब त्याने स्वतःच्या हाताने, कागदावर, तुमच्या शेजारी बसून मांडावा. त्याला अजून वाटत असेल की एखादी मोठी बाजी लागली की सगळे फिटेल, तर त्या कागदासारखे दुसरे उत्तर नाही. (पुण्यात रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावणे परवान्याने चालते, मग हेच का नाही, असा वाद तो घालेल. कायद्यातील ही विसंगती खरी आहे, पण त्याचे खाते तिने सुटणार नाही. आजच्या घडीला या वादात शिरू नका.)

आईची मुदत ठेव मोडू नका. निदान ‘सगळे फेडण्यासाठी’ तर नकोच. सट्ट्याच्या नादी लागलेल्या माणसाचे सगळे देणे घरच्यांनी एका झटक्यात भागवले की त्याच्या दृष्टीने पाटी कोरी होते आणि तो पुन्हा उधार घेण्यास मोकळा होतो. ही देणी एकसारखी नाहीत, म्हणून ती वेगवेगळी पाहावीत. क्रेडिट कार्डाचे पैसे द्यावेच लागतील. कार्डाच्या बँकेला लेखी कळवून थकबाकीचे हप्ते पाडून घ्या, आणि मदत करायचीच झाली तर रक्कम भावाच्या हातात न देता थेट बँकेत भरा. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्तसंस्था आहे का, हे कर्जाच्या करारात पाहा. असेल तर हप्ते भरा. वसुली करणाऱ्यांना सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नाही, नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्याची तर मुळीच नाही. नोंदलेली संस्था नसेल, तर सायबर पोलिसांकडे तक्रार करा.

बुकीच्या उधारीला कायद्याचा आधार नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो आणि त्याच्या वसुलीसाठी दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई प्रांतासाठी 1865 मध्ये केलेला कायदा तर आणखी पुढे जातो आणि पैजेच्या अनुषंगाने केलेले करारही रद्दबातल ठरवतो. दरमहा दहा टक्के घेणाऱ्या त्या गृहस्थांना हे पैसे सट्ट्यासाठी आहेत हे माहीत होते का, हे वकिलाला अवश्य सांगा. त्यांच्याजवळ परवाना नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली त्यांचा व्यवहारच बेकायदा ठरतो आणि सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. अर्थात असे लोक न्यायालयात जात नाहीत, दारात येतात, हे मला ठाऊक आहे. कोणी दारात येऊन धमकावले तर वाटाघाटी करत बसू नका. 112 वर फोन करा, आलेले फोन आणि संदेश जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. धमकी देऊन पैसे उकळणे हा खंडणीचा गुन्हा आहे. जिंकलेल्या रकमांवर 30 टक्के दराने प्राप्तिकर लागतो आणि सट्ट्यातील तोटा पगारातून वजा होत नाही. त्यामुळे विवरणपत्र भरण्यापूर्वी सनदी लेखापालाला सगळे उतारे दाखवा.

उपचारांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. जुगाराची अनावर ओढ हा आजार आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. ‘देवाची शपथ घे’ म्हणून तो बरा होत नाही. येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करत आहे. तिथे जाऊन बोला, किंवा एखाद्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ घ्या. त्याचबरोबर काही महिने त्याचा पगार तुमच्या देखरेखीखाली राहू द्या, यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्या आणि टेलिग्रामवरचे ते गट त्याला सोडायला लावा. संदेशांची प्रत आधी वकिलाकडे पोहोचू द्या. आयपीएलचे दोन महिने सर्वांत अवघड असतील. त्या काळात संध्याकाळी तो घरात एकटा मोबाइल घेऊन बसणार नाही, याची सोय आधीच करून ठेवा.

राहिला साखरपुडा. मुलीला सांगितलेच पाहिजे, आणि ते लग्नाची तारीख पक्की होण्याआधी. तुम्ही किंवा आईने मध्यस्थामार्फत निरोप पाठवू नये. भावाने स्वतः तिला भेटून देण्याचा पूर्ण आकडा, गोठलेले खाते, मित्रांच्या आयडीचा भाग आणि सुरू केलेले उपचार, हे सगळे सांगावे. त्यासाठी त्याला तीन-चार आठवडे द्या, कारण वकील आणि डॉक्टर यांची पहिली भेट झालेली असली, तर त्याला तिच्यासमोर नुसती कबुली ठेवावी लागणार नाही, पुढचा बेतही सांगता येईल. तेवढ्या मुदतीत तो बोलला नाही, तर त्याला आधी कल्पना देऊन तुम्ही तिच्याशी बोला. ती नाही म्हणू शकते. तसे झाले, तर तिच्या घरच्यांना दोष देऊ नका आणि साखरपुड्यातील देणेघेणे सन्मानाने परत करा. ती थांबायला तयार झाली, तर लग्न निदान वर्षभर पुढे ढकला, आणि त्या वर्षात घर, गाडी किंवा लग्नखर्चासाठी भावाच्या नावावर कोणतेही नवे कर्ज काढू देऊ नका.